हात खिशात असलेली माणसं

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनी आजवर कागदावर काढलेली सगळी माणसं एका ठिकाणी गोळा केली, तर एक निराळंच राष्ट्र उभं राहील. या राष्ट्रातल्या नागरिकांना पावलं नाहीत, कारण ते जन्मापासून गुडघाभर गवतात उभे आहेत. पुरुषांचे हात खिशात, नाहीतर पाठीमागे. बायका पाठमोऱ्या, पदर डोक्यावरून. फुगेवाल्याच्या तोंडासमोर नेमका फुगा. बस थांब्यावर चार माणसं असतील तर चौघंही वर्तमानपत्र वाचतात, कारण एका वर्तमानपत्राआड एक चेहरा, दीड हात आणि अख्खी छाती आरामात मावते. इतकी वाचनसंस्कृती दुसऱ्या कुठल्या देशात आढळणार नाही.

हे राष्ट्र वसवलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी. त्यांतला स्मरणचित्राचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना ही सगळी माणसं नावानिशी ओळखीची असतील. विषय दिला जातो, आठवणीतून चित्र काढायचं, आणि चित्रात माणसं हवीत. मग पिढ्यान् पिढ्या एक गुप्त विद्या वर्गावर्गातून पुढे सरकत राहिली. पाय जमत नाहीत? गवत घाला. हात जमत नाहीत? टोपली द्या. चेहरा जमत नाही? पाठ फिरवा. ‘पावसाळ्यातील एक दृश्य’ असा विषय आला की परीक्षेच्या हॉलमध्ये आनंदाची लाट उसळायची. वरून छत्री, खालून साचलेलं पाणी, मधे रेनकोट. माणूस म्हणून काढण्याजोगं काही शिल्लकच राहत नाही. अशा शेकडो माणूसरहित माणसांवर आम्ही ‘ए’ ग्रेडी मिळवल्या आणि दहावीला वाढीव गुणही पदरात पाडून घेतले.

ही लपवाछपवी किती मुळावर घाव घालणारी होती, हे मला फार उशिरा एका आकड्याने कळलं. प्रौढ माणसाच्या अंगात हाडं असतात 206. त्यांतली प्रत्येक हातात, म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, 27. प्रत्येक पावलात 26. करा बेरीज. दोन हात आणि दोन पावलं मिळून 106. म्हणजे अर्ध्याहून जास्त माणूस आम्ही गवतात आणि खिशात घालून पास झालो होतो.

हा हिशेब मांडला आमच्या सरांनी. दादरला एका शाळेत दर रविवारी सकाळी हौशी लोकांसाठी मानवाकृती रेखाटनाचा वर्ग भरतो. पाचवीच्या बाकांवर पन्नाशीचे गुडघे अडकवून आम्ही बसतो. सर आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला प्लॅस्टिकचा सांगाडा ढकलत वर्गात आणला, फळ्यासमोर उभा केला आणि म्हणाले, “इथे गवत उगवत नाही.”

वर्गात नमुने भरपूर. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, जे पेन्सिलीला टोक काढण्यात पहिला अर्धा तास घालवतात. एक अकरावीतला मुलगा, जो फक्त जपानी कार्टूनमधल्या मुली काढतो; त्यांच्या डोळ्यांत अख्खा मत्स्यालयाचा संच बसेल आणि नाकाच्या जागी एक ठिपका. एक बाई, ज्यांच्या हातून कुठलाही चेहरा जुन्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरच्या सुंदरीचाच होतो. समोर शाळेचे शिपाईकाका मॉडेल म्हणून बसले होते तेव्हाही झाला. ओठांच्या पाकळ्या, कमानदार भुवया आणि वर शिपाईकाकांची टोपी. शिपाईकाकांना ते चित्र फार आवडलं. त्यांनी ते मागून घेतलं. आणि एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, जिला शरीरातला प्रत्येक स्नायू नाव, गाव, पत्त्यासह पाठ आहे, तो कुठून निघतो, कुठे चिकटतो, कशाने आखडतो हे ती झोपेतही सांगेल, पण कागदावर तिचा माणूस कायम कपडे वाळत घालायच्या दोरीवरून उतरवून आणल्यासारखा. सर तिला म्हणतात, “तुला सगळं माहीत आहे, हीच अडचण आहे.” आम्हाला काहीच माहीत नसल्यामुळे आम्ही तेव्हा फार सुखावतो.

पहिला धडा डोक्याचा. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. हे वाक्य ऐकून वर्गात बंडाची भाषा सुरू झाली. कोणाचाही विश्वास बसत नव्हता. जन्मापासून रोज आरशात बघत आलेल्या माणसाला जर कोणी सांगितलं, की तुझ्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग तू कधी पाहिलेलाच नाहीस, तर राग येणारच. पण खरं तेच आहे. आपण डोळे, नाक, तोंड बघतो. त्यांच्यावरचा कवटीचा तो प्रशस्त घुमट केसांना देऊन टाकलेला असतो. म्हणून लहान मूल माणूस काढतं तेव्हा डोळे थेट कपाळाच्या काठावर जाऊन बसतात आणि मेंदू हा अवयव वगळला जातो.

बँकेतल्या काकांना सरांनी खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या टकलावरून पेन्सिल धरून माप दाखवलं. बरोबर निम्मं. त्या दिवशी काकांना वर्गात जो मान मिळाला तो त्यांना बँकेत मॅनेजर असताना मिळाला नसेल. केस नसल्यामुळे त्यांची कवटी स्वच्छ दिसते, कानामागचा उंचवटा दिसतो, मागची गोलाई दिसते. “असं डोकं मिळायला नशीब लागतं,” सर म्हणाले. काकांनी पुढच्या रविवारी डोक्याला तेल लावून चकाकी आणली. त्यामुळे उजेडाचा ठिपका कुठे पडतो हेही शिकता आलं.

डोक्यानंतर उंची. माणसाची उंची त्याच्याच डोक्याने मोजायची ही चित्रकारांची जुनी रीत. सर्वसाधारण माणूस साडेसात डोकी उंच भरतो. पण साडेसात डोक्यांचा माणूस कागदावर बुटका, दबलेला दिसतो, म्हणून अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिसने 1943 च्या आपल्या पुस्तकात आदर्श पुरुष 8 डोक्यांचा ठरवून टाकला. हे पुस्तक जगभरच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी झेरॉक्स काढकाढून झिजवलं आहे. त्यातले पुरुष रुंद खांद्यांचे, सूट घातलेले आणि कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही असे दिसतात. आपल्याकडेही ही उठाठेव फार पूर्वी झाली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार दिले आहेत: हंस 108 अंगुळं, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100 आणि शशक 90. मी घरी येऊन हे सगळ्यांना वाचून दाखवलं. नवऱ्याने लगेच विचारलं, मी कोण? मी टेप आणली. अंगुळ कसं धरायचं यावर वाद झाला, डोक्याचे केस धरायचे की नाहीत यावर दुसरा वाद झाला, आणि शेवटी तो रुचक आणि शशक यांच्या सीमेवर कुठेतरी भरला. शशक म्हणजे ससा, हे मुलाने मोठ्याने सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात शिल्पशास्त्राचा विषय निघत नाही.

शरीररचना आणि चित्रकला यांचं नातं मुंबईइतकं साध्या घोटाळ्यातून दुसऱ्या कुठल्या शहरात सिद्ध होत असेल असं वाटत नाही. “मुलगा जे. जे.ला आहे,” असं कोणी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते. “अरे बापरे, कधीपासून?” “दोन वर्षं झाली.” “दोन वर्षं! काय झालंय नेमकं?” मग कळतं की मुलगा भायखळ्याच्या रुग्णालयात नसून बोरीबंदरजवळच्या कला महाविद्यालयात आहे. काळजी जाते, आणि तिच्या जागी दुसरी, जास्त खोल काळजी येते. दोन्ही संस्थांना नाव एकाच दानशूर माणसाचं, सर जमशेटजी जीजीभाई यांचं. रुग्णालय 1845 चं, कलाशाळा 1857 ची. एकीकडे माणूस आतून बघायचा, दुसरीकडे बाहेरून.

आणि या दोन्हींच्या मधोमध बसवता येईल असा एक माणूस खरोखरच मुंबईत येऊन गेला. शरीररचनेचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक कोणतं, असं कुठल्याही डॉक्टरला विचारा; तो ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ म्हणेल. 1858 साली लंडनमध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण त्यातल्या 363 आकृत्या काढल्या हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. या आकृत्यांची खुबी अशी की अवयवाचं नाव बाजूला रेघ ओढून न देता त्या अवयवावरच लिहिलेलं. स्नायू ज्या दिशेने जातो त्या दिशेने नावही वळतं. विद्यार्थ्यांची नजर आकृती आणि तळटीप यांत धावून दमत नाही. या कामाचे कार्टरला एकरकमी दीडशे पौंड मिळाले. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागे दीडशे. शिवाय शीर्षकपानाच्या प्रुफावर ग्रे यांनी कार्टरच्या नावाचा टाइप लहान करायला सांगितलं. चित्रकाराला मानधन किती द्यायचं आणि त्याचं नाव कुठे छापायचं, या बाबतीत प्रकाशनव्यवसायाची परंपरा किती अखंड आहे हे पाहून ऊर भरून येतो.

कार्टर पुस्तक बाहेर पडायच्या आधीच बोटीत बसून मुंबईला निघून आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, पुढे कुष्ठरोगावर आणि उलटून येणाऱ्या तापावर संशोधन केलं, आणि सुमारे तीस वर्षं इथे काढून परत गेला. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याच्या रेघांवरून माणूस पाठ केला तो माणूस भायखळ्याला रोज कामावर जात होता, आणि पुस्तकाला नाव ग्रे यांचं. आमच्या सरांचा या विषयावर फार जीव. ते कार्टरबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज घोगरा होतो. पुढे हळूच कळलं की एका क्रमिक पुस्तकातली सगळी चित्रं सरांची आहेत आणि नाव दुसऱ्याचं.

जुन्या शरीरशास्त्रीय पुस्तकांतली माणसं फार शिष्टाचारी असतात. व्हेसॅलियसचा 1543 सालचा ग्रंथ घ्या. त्यात सांगाडा फावड्यावर रेलून आकाशाकडे बघतो आहे. दुसरा सांगाडा टेबलाला टेकून समोरच्या कवटीबद्दल विचारमग्न. कातडी सोलून काढलेली स्नायूंची माणसं डोंगर, झाडं, गावं यांच्या पार्श्वभूमीवर डौलात उभी. एवढं सगळं अंगावरून गेल्यावरही एक हात पुढे, मान किंचित कलती, जणू महाबळेश्वरला पॉइंटवर फोटो काढायला थांबले आहेत. एकही जण हात लपवत नाही. लपवायला खिसाच नाही म्हणा.

हे असं बघायची सवय लागली की माणसाचं सामाजिक जीवन बिघडतं. मी डोंबिवलीहून लोकलने येते. लेडीज डबा हा मानवाकृतीच्या अभ्यासासाठी देवाने खास बांधलेला आहे. झोपलेल्या बाईची मान एका बाजूला कलते तेव्हा कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत येणारा तो लांबलचक स्नायू असा ताणून उभा राहतो की पुस्तकात दिसणार नाही. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेल्या बाईच्या अंगात तर सगळं शास्त्र एकवटलेलं असतं. एक नितंब अधांतरी, एक पाय वाटेत रोवलेला, कणा इंग्रजी एसच्या आकारात, एक हात कडीला, दुसरा पर्सवर. मायकेलअँजेलोने संगमरवरातून अशी पोझ काढायला वर्षं घालवली असती. आमच्याकडे ती ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत फुकट मिळते. आणि हात! हाताचा सराव करायचा तर कोणी समोर हात धरून बसत नाही. पण डब्यात चार जणी तरी गवार निवडत असतात. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट, करंगळी थोडी वर, शेंगेचं देठ तुटतं त्या क्षणी मनगटाला बसणारा सूक्ष्म झटका, हे सगळं इतक्या वेळा, इतक्या संयमाने आणि इतक्या प्रकाशात दुसरं कोण दाखवेल?

अडचण एवढीच की बघितलेलं कळतं. आपल्याकडे कोणी टक लावून बघतंय हे बाईला तीन सेकंदांत समजतं, आणि ती मान सरळ करते. तो स्नायू गेला. तिला वाटतं मी तिच्या मंगळसूत्राकडे बघते आहे. मी तिच्या गळ्याच्या हाडाकडे बघत असते, पण हे सांगितलं तर ती पुढच्या स्टेशनवर साखळी ओढेल. एकदा एकीने सरळ विचारलं, “काय बघताय?” मी वहीच दाखवली. तिने चित्र नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “केस नीट काढा, आज धुतले नव्हते.” मग कुर्ल्यापर्यंत ती इतकी ताठ बसली, की तिच्या अंगातली सगळी हाडं एका ओळीत आली आणि चित्र मेलं.

उभं राहण्याचंही तसंच. माणूस सहज उभा राहतो तेव्हा भार एका पायावर टाकतो. त्या बाजूचा खुबा वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, कणा मधे वळण घेतो. ग्रीक शिल्पकारांनी हे हेरलं आणि तेव्हापासून युरोपातले पुतळे एका पायावर रेलून उभे आहेत. आपल्याकडे कडेवर पोर घेतलेली कुठलीही बाई बघा, तिने ग्रीकांचा हा शोध स्वतःच्या खर्चाने लावलेला असतो. या नियमाला मला सापडलेला भक्कम अपवाद म्हणजे पंढरपूरचा विठोबा. दोन्ही पाय जुळलेले, भार समसमान, दोन्ही हात कमरेवर, खांदे एका रेषेत. भक्तांच्या हिशेबात तो असा अठ्ठावीस युगं उभा आहे, आणि एकदाही पाय बदललेला नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीला मी हे सांगितलं तर ती गंभीरपणे म्हणाली, “गुडघे लॉक होतात अशाने.”

स्नायूंच्या धड्यात सगळ्यात महागात पडला तो हसण्याचा. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने माणसांच्या चेहऱ्यावर विजेची टोकं लावून कुठला स्नायू आखडला की कुठला भाव उमटतो याचे प्रयोग केले आणि 1862 मध्ये ते फोटोंसकट छापले. त्याचा निष्कर्ष असा: ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या हुकमतीत असतो, पण खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा जो स्नायू आवळतो, तो बहुतेकांच्या हुकमतीत नसतो. म्हणून खोटं हसू गालावर थांबतं, डोळ्यांपर्यंत पोचत नाही. हे शिकल्यावर मी घरातला लग्नाचा अल्बम काढला. काढायला नको होता. स्टेजवर शेजारी उभ्या असलेल्या सत्तावीस नातेवाइकांपैकी डोळ्याचा स्नायू फक्त दोघांचा आवळलेला होता. त्यांतला एक केटररचा माणूस होता, जो चुकून फ्रेममध्ये आला होता.

हात लपवायचा नाही हे एका माणसाने फार देखणेपणाने दाखवून दिलं आहे, आणि तो आपल्याच सावंतवाडीचा. सावळाराम हळदणकर. हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. हळदणकरांचंही कार्टरसारखंच झालं म्हणायचं. चित्रात ती मुलगी एका हातात दिवा धरते आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करते. ज्योत दिसत नाही, ती तळव्याआड आहे. पण बोटांच्या मधून, बोटांच्या कडांतून तांबूस उजेड पाझरतो, आणि त्या उजेडात चेहरा. अख्खं चित्र एका हातावर तोललेलं आहे. स्मरणचित्रात आम्ही ज्या हातापासून तोंड लपवत पळालो, तो हात त्यांनी मधोमध ठेवला आणि लपवलं काय, तर दिवा.

आता एवढं शरीर शरीर चाललंय म्हटल्यावर घरच्यांना एक प्रश्न पडतोच, तो ते सरळ विचारत नाहीत. सासूबाईंनी आडून विचारलं, “तुमच्याकडे मॉडेल असतं ते… सगळे कपडे घालून असतं ना?” मी सांगितलं, शिपाईकाका स्वेटर घालून बसतात. जे. जे. कलाशाळेत 1919 साली ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जिवंत नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू केला. त्याआधी विद्यार्थी मुख्यतः ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला काढत. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की लोक चहाचा कप बघत बसतात. जे. जे.त मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईवर मराठीत ‘न्यूड’ नावाचा चित्रपट आला, तेव्हा 2017 च्या गोव्यातल्या महोत्सवातून तो ऐनवेळी वगळला गेला. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही वर्तमानपत्र आडवं धरलंच.

आणि कपडे तरी काय लपवतात? कापड अंगावर चार-पाच ठिकाणीच टांगलेलं असतं: खांदा, कोपर, खुबा, गुडघा. बाकी सगळ्या चुण्या त्या खुंट्यांमधून निघतात. नऊवारी तर सहावारीपेक्षा कितीतरी खरी. काष्ट्यामुळे दोन पाय दोन दिसतात, पोटरी दिसते, चालताना भार कुठे पडला ते दिसतं. चित्रकार धुरंधरांच्या गर्दीच्या चित्रांतल्या बायका इतक्या चालत्याबोलत्या वाटतात त्याचं अर्धं श्रेय धुरंधरांना, अर्धं काष्ट्याला. सहावारीने सगळ्यांना एका घंटेत उभं केलं, आणि चित्रकारांची मोठी सोय झाली. पावलाचा आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो हे लक्षात ठेवायचीही गरज उरली नाही.

या शिक्षणाची खरी परीक्षा घरात झाली. सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला आणि ठरलं की माझ्याकडून त्यांचं व्यक्तिचित्र. आमच्या घरात व्यक्तिचित्राची परंपरा आहे, पण ती निराळी. भिंतीवर आजेसासरे आहेत. त्यांचा एकच फोटो होता, रेशनकार्डाएवढा. त्यावरून जुन्या काळच्या एका चित्रकाराने मोठं चित्र केलं आणि चेहऱ्याखाली कोट, उपरणं, पगडी असं सगळं स्वतःच्या साठ्यातून बसवून दिलं. आजेसासऱ्यांनी आयुष्यात कोट घातला नव्हता. तो कोट आमच्या वाड्यातल्या तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या भिंतींवर होता, वेगवेगळ्या डोक्यांखाली. तरी कोणाची तक्रार नव्हती. माणूस गेल्यावर त्याला चांगला कोट मिळावा अशी सगळ्यांची इच्छा होती.

बाबांना मी गॅलरीत खुर्चीवर बसवलं. डोळे मध्यावर, कानाचा वरचा काठ भुवईच्या रेषेत, खालचा नाकाच्या. रविवारचं सगळं ज्ञान ओतलं. चित्र झालं. घरची मंडळी जमली. नणंद म्हणाली, नाक जरा कमी कर. दीर म्हणाले, गालफडं बसवलीस, दहा किलो उतरवलेस त्यांना. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाकी ठीक आहे गं, पण खांदा वाकडा काढलायस. उजवा वर, डावा खाली. हे असे नाहीत.” बाबा काहीच बोलले नाहीत, ते चहा प्यायले. डाव्या हाताने.

चित्र मी वर्गात नेलं. सर म्हणाले, कान मोठा आहे, राहू दे, म्हातारपणी वाढलेला दिसतो. काकांनी टोक काढता काढता वर बघून मान डोलावली. फिजिओथेरपिस्ट मुलगी मागून आली, चित्रासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला की इथे आपल्याला काही कळतंय. “यांचा उजवा हात वर जातो का?” तिने विचारलं. “डोक्यावरून कपडे घालतात का हल्ली?” मी विचार केला. बाबा झब्बा घालायचे बंद झाले होते. दोन-तीन महिने पुढे बटणं असलेला शर्टच. वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा नातवाला काढायला सांगायचे. रात्री कूस बदलून झोपायचे. “फ्रोझन शोल्डर,” ती म्हणाली. “खांदा दुखायला लागला की माणूस तो उचलून धरतो. तुम्ही बरोबर काढलाय.”

घरी येऊन विचारलं तर आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, “तुझ्या सासूला सांगू नकोस, ती मंडईत पिशवी उचलू देणार नाही.” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ऐकू आलं हो मला.”

आता आठवड्यातून दोनदा बाबा त्या मुलीच्या दवाखान्यात जातात. घरी रोज सकाळी भिंतीसमोर उभे राहून उजव्या हाताची बोटं भिंतीवरून एकेक पेर वर चढवतात. फरा कसा सरकतो, काख कशी उघडते, दंडाचा स्नायू कसा लांबतो, सगळं समोर दिसतं, आणि तेही गंजीवर. इतकी उत्तम पोझ मला कुठल्या वर्गात मिळणार नाही. फक्त मी वही घेऊन दारात आले की बाबा हात खाली घेतात आणि वर्तमानपत्र उचलतात.